मदत हवी आहे : केमोच्या खुर्चीत ऐकण्यासारखा मराठी बॉडी स्कॅन

नमस्कार मंडळी. केमो चालू असताना ऐकता येईल असं दहा मिनिटांचं सजगतेचं (माइंडफुलनेसचं) मराठी ध्वनिमुद्रण तयार करायचं आहे. त्यात बॉडी स्कॅन आहे, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेणं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या सजगतेच्या कार्यक्रमातला बॉडी स्कॅन पाऊण तासाचा, आडवं पडून करायचा आणि पायाच्या बोटांपासून सुरू होणारा. इथेच अडतं. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने अनेकांची बोटं बधिर झालेली असतात, मुंग्या येतात. लक्ष तिकडे नेलं की काळजीच जागी होते. स्तन काढलेल्या बाईला ‘छातीकडे लक्ष न्या’ सांगणं तर क्रूरच.

म्हणून सुरुवात तळहातापासून ठेवली आहे, सलाईन नसलेल्या हाताच्या. तो मांडीवर पालथा, खाली साडीचा पोत, हळूहळू जाणवणारी ऊब. मग सलाईनच्या पंपाचा आवाज, मग श्वास जसा चालला आहे तसा. मुद्दाम दीर्घ श्वास नको, दम लागणाऱ्याला त्याने घाबरल्यासारखं होतं. डोळे मिटून मळमळ वाढत असेल तर उघडे ठेवून एका जागी नजर.

आता अडचण शब्दांची. ‘सजगता’ पुस्तकी वाटतं, ‘ध्यान’ म्हटलं की काहींना ते देवाधर्माचं वाटतं. ‘लक्ष असू द्या’ चालेल का? वऱ्हाडात, मराठवाड्यात आजीला सहज कळेल असा शब्द कोणता? आणि दोन सूचनांमध्ये वीस सेकंद शांतता ठेवली तर मोबाइल बंद पडला असं वाटतं. ती जागा तुम्ही कशाने भरता?