रोज तोच रस्ता, रोज वेगळं भाडं : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
लेकीला वाकडला पीजीत सोडून आम्ही साताऱ्याला परत आलो त्याला तीन आठवडे झाले. हिंजवडीच्या आयटी पार्कात, फेज थ्रीला पहिली नोकरी. काल सकाळी सव्वाआठला तिचा फोन. "आई, ऑफिसला जायच्या गाडीचे काल १९० होते, आज अ‍ॅपवर ३४५ दाखवतंय. थांबू की करू बुक?" आवाज रडवेला. मी गॅस बंद केला आणि ओट्याशीच उभी राहिले, कारण हा प्रश्न मी स्वतःला शंभरदा विचारलाय.

२०१८ च्या पावसाळ्यात माझा घोटा मोडला. स्कूटर चार महिने बंद. तेव्हा घर पुण्यात कोथरूड डेपोजवळ, ऑफिस खराडीला. दोन बस बदलून उभ्यानं जाणं डॉक्टरांनी साफ मना केलं होतं आणि मेट्रो तेव्हा नव्हतीच. (रामवाडीपर्यंत ती २०२४ च्या मार्चमध्ये पोचली.) मग फोनवरून टॅक्सी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दुधाचा हिशेब लिहायचे, त्याच चौकटीत खाली टॅक्सीचे आकडे लिहू लागले. दूध दीड लिटर, टॅक्सी २९०. दूध दीड लिटर, टॅक्सी ४१०. पावसाचा बुधवार, ६२०. गुरुवारी परत २७५. घर तेच, ऑफिस तेच, वेळही तीच. ऑक्टोबरची बेरीज सोळा हजारांवर गेली तेव्हा पगार होता अडतीस हजार.

एके सकाळी ८४० दाखवलं. कुबडी घेऊन गेटपाशी वीस मिनिटं थांबले, ७९० झालं, मग परत ८६०. जिना चढून घरी आले आणि बिनपगारी रजा टाकली.

महाग आहे हे आधी कळलं तर माणूस सोय करतो, दुसरीकडे काटकसर करतो. उंबरठ्यात पाय असताना आकडा कळला तर काय करणार? ते कॅलेंडर काल माळ्यावरून शोधून काढलं. तुम्ही कसं निभावता ते लिहा, लेकीला वाचून दाखवीन.

कांजूरकर
मुंबईत कांजूर स्टेशन ते पवईचं हिरानंदानी. डोंबिवलीपासून कांजूरपर्यंतचा लोकलचा पास महिन्याचा, एकदा काढला की डोक्याला ताप नाही. पुढचे तीनेक किलोमीटर मात्र रोज नवा आकडा. गाडी उशिरा आली आणि सगळे एकदम पुलावरून उतरले की सगळ्यांचे फोन एकदम बाहेर, आणि भाडं डोळ्यांदेखत चढतं. एका ठिकाणाहून खूप मागणी आली आणि रिक्षा कमी असल्या की ते आपोआप वाढतं. म्हणून मी स्टेशनसमोर बुकच करत नाही. एलबीएस रोडला पाच-सात मिनिटं चालत जातो, तिथं बऱ्याचदा वीस-तीस रुपये कमी. पावसात ही युक्ती चालत नाही.

सोनचाफा७
मी नर्स आहे. सकाळी ७ ची ड्युटी असली की पावणेसहाला निघते, तेव्हा भाडं ठीक असतं पण गाडीच नसते. नाईटला रात्री ८ ला निघायचं, तेव्हा गाड्या असतात पण भाडं दुप्पट. मागच्या वर्षी गणपतीत एक ड्रायव्हरदादा आले, रस्ते बंद म्हणून लांबून वळसा घातला आणि पोचल्यावर वरचे पैसे घेतले नाहीत. "ताई तुम्ही पेशंटकडं चाललाय" म्हणाले. मला त्यांचं नाव आठवत नाही याचं फार वाईट वाटतं.
रानजाई, घोटा आता बरा आहे ना? थंडीत दुखतो का? माझ्या आईचा दुखतो.

भोंगा
आयफोनवर जास्त दाखवतं. घरातले दोन फोन शेजारी ठेवून बघा.

कांजूरकर
@भोंगा त्यावरून ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ च्या जानेवारीत नोटिसा काढल्या होत्या. फोन बघून दर लावत नाही, असं टॅक्सी अ‍ॅपच्या कंपन्यांचं म्हणणं. पण दोन फोनवर दोन मिनिटांच्या फरकानं बघितलं तरी आकडा बदलतो, त्यामुळे घरी करून काहीच सिद्ध होत नाही. मी तीनदा करून बघितलंय.

लातूरचा_गडी
मी गाडी चालवतो पुण्यात, सहा वर्षं झाली. आमची पण बाजू ऐका. तुम्हाला ३४५ दिसतं तेव्हा ते सगळं आम्हाला मिळत नाही. आमच्या नकाशावर तो भाग लाल दिसतो, म्हणजे तिथं भाडं चढलंय. लाल बघून तिकडं पळावं तर भूमकर चौकात अडकतो आणि पोचेपर्यंत लाल गेलेलं असतं. मग साधं भाडं. फेज थ्रीला सकाळी सोडलं की येताना बऱ्याचदा रिकामंच यायचं, त्या किलोमीटरचं कोण देणार? सीएनजीच्या रांगेत कधी तास जातो कधी दीड तास. हप्ता पाच तारखेला जातोच, त्याला लाल-हिरवं काय नाही.
फोन करून "कुठं जायचंय" विचारतो म्हणून लोक चिडतात. मी पण विचारतो, खोटं नाही बोलणार. पण बुक झाल्यावर रद्द करून पुढं उभं ठेवायचं, ते मी करत नाही. सकाळी ऑफिसला निघालेल्या माणसाला तसं करू नये.
ताई, तुमच्या मुलीला सांगा, रोजची एकच वेळ असेल तर दोन-तीन मुलींनी मिळून एखाद्या ओळखीच्या गाडीवाल्याशी महिन्याचं ठरवावं. तुम्हाला आकडा पक्का, आम्हाला धंदा पक्का. माझ्या अशा दोन मॅडम आहेत, चार वर्षं झाली. एकीच्या लग्नाला जाऊन आलो.

रानजाई
@लातूरचा_गडी दादा, हे वाचून खरंच बरं वाटलं. चार महिने मी तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी गाडीत मागं बसून मनातल्या मनात चिडत होते, आणि पुढं बसलेल्याला किती मिळतात हे एकदाही विचारलं नाही. लेकीच्या पीजीत फेज थ्रीला जाणाऱ्या आणखी दोघी आहेत, आज रात्री विचारायला सांगते.
@सोनचाफा७ घोटा बरा आहे गं, पावसाळ्यात तेवढा ठणकतो.

आबा_कर्वेनगर
पुण्यात रिक्षाच्या मीटरचा दर २०२२ च्या सप्टेंबरपासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. हा पाठ करून ठेवा. मी बुक करण्याआधी अंतराला सतरानं गुणतो, त्यात दहा-पंधरा इकडेतिकडे करतो, मग कळतं किती वर चाललंय. टॅक्सीसाठी राज्य सरकारनं २०२५ च्या मे महिन्यात धोरण आणलं, त्यात गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंतच वाढवता येईल असं आहे. चांगलं आहे. पण मूळ भाडं किती ते पडद्यावर ठळक लिहिलेलं असल्याशिवाय दीडपट झाली की अडीचपट, हे प्रवाशानं कशावरून ओळखायचं? ते लिहिलंच पाहिजे. दुधाच्या पिशवीवर किंमत छापलेली असते ना.

संत्रा_बर्फी
नागपूर. मिहान, म्हणजे विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग. मे महिना. दुपारी दोनची शिफ्ट. भाऊ, ४५ डिग्रीत ज्याच्याजवळ एसीवाली गाडी आहे तोच राजा. खापरीपर्यंत मेट्रोनं जातो, तिथून पुढं जे दाखवलं ते कबूल. टिप आधी टाका म्हणजे गाडी लवकर भेटते असं पण दाखवते. माणूस आला नाही, बसलो नाही, टिप कायची? आई म्हणते दुपट्टा बांधून सायकलनं जा. आईला मिहान किती दूर आहे माहीत नाही.

मेघना_सातासमुद्रा
लंडनहून. २०२५ च्या सप्टेंबरात ट्यूबचा, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेचा, संप झाला तेव्हा मलाही असंच आठवडाभर रडू आलं. इथल्या काळ्या टॅक्सीला मीटर आहे, तो मागणी बघून चढत नाही, पण मुळातच महाग. शेवटी चालत गेले, पन्नास मिनिटं. रस्त्यात ऑफिसातली एक गुजराती बाई भेटली, पाच वर्षं एकाच मजल्यावर असून आम्ही कधी बोललो नव्हतो. आता दर शुक्रवारी तिच्या डब्यातलं थेपलं खाते.

सुगरण_वाकड
रानजाई, लेक वाकडला नक्की कुठे? दत्त मंदिर रोडला असेल तर माझ्या जाऊबाई डबा देतात. भाजी-पोळी-आमटी, शनिवारी पोहे. तेलकट नसतं.

भोंगा
सुगरण, पुरुषांना पण देतात का? मी काळेवाडी फाट्याला.

सुगरण_वाकड
देतात की. काळेवाडीला मात्र दीर मोटरसायकलवर आणतात, त्याचे थोडे वेगळे. महिन्याचे एकदाच घेतात, मध्ये वाढत नाहीत.

कांजूरकर
आमच्या पवईला शाखा काढा.

रानजाई
सुगरण, दत्त मंदिर रोडच! व्यक्तिगत निरोप पाठवलाय. तिला वालाची उसळ फार आवडते, विचारशील का कधी करतात?
आणि आबा, तुमचा सतरानं गुणायचा हिशेब तिला पाठवला. तिनं लगेच उलट उत्तर पाठवलं, आज संध्याकाळचं परतीचं भाडं १७५. रिक्षा मिळाली, भूमकर चौक पार झाला आहे.