स्वयंपाकघरात थोड्याच, पण टिकाऊ वस्तू ठेवायच्या आहेत

माजघर :
घर बदलताना आवराआवर केली, तेव्हा पाच वर्षांत आमच्या तीन नॉनस्टिक कढया मोडीत गेल्या आणि दोन मिक्सर बंद पडले, हे लक्षात येऊन मनापासून वाईट वाटले. त्याच सामानात आजीचे पितळी पातेले निघाले. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी आजोबांचे नाव आणि १९६२ हे साल घातलेले आहे, बूड थोडे चेपले आहे, आतली कल्हई पार उडाली आहे, पण भांडे खणखणीत आहे. यापुढे मोजक्याच वस्तू घ्यायच्या आणि त्या पंधरावीस वर्षे वापरायच्या, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. नोकरी सांभाळून असे पातेले रोज वापरणे जमते का? आणि मिक्सर टिकेल की नाही, हे दुकानात कसे ओळखावे? आम्ही पुण्यात राहतो.

सोनचाफा :
पातेले अवश्य वापरात आणा, मात्र कल्हई केल्याशिवाय त्यात आंबट काही ठेवू नका. पितळेत तांबे आणि जस्त असते, ते ताक, चिंच किंवा टोमॅटोच्या आंबटपणाने अन्नात उतरते आणि पदार्थ कळकतो. कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी करा. कल्हई होताना तिथे थांबून एकदा पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. भट्टीवर भांडे तापले की कारागीर नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, कथील टेकवताच वितळते आणि कापसाच्या बोळ्याने ते फिरवता फिरवता काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे होते. कथील शुद्ध आहे, त्यात शिसे मिसळलेले नाही, याची खात्री तेवढी करून घ्यावी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून असे भांडे रिकामे गॅसवर ठेवू नये, फोडणी लोखंडी कढल्यात वेगळी करावी आणि घासायला तारेची घासणी घेऊ नये. आमच्याकडे वरणाच्या पातेल्याला वर्षातून दोनदा कल्हई लागते आणि मी नोकरी करूनच हे सांभाळते.

उंबरठा :
मी पंचवीस वर्षे घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मिक्सरांची मोटर जळालेली नसते. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले असतात, मोटर आणि भांडे जोडणारा दातेरी कपलर तुटलेला असतो, नाहीतर भांड्याच्या बुडातून पाणी झिरपून पात्याचा दांडा ज्यात फिरतो ते बुश घट्ट झालेले असते. गेल्या वर्षी एका गृहस्थांना सेवा केंद्रात ‘नवाच घ्या’ असे सांगितले गेले होते. त्यांच्या मिक्सरचा फक्त कपलर बदलला आणि तो आजही चालू आहे. म्हणून दुकानात नुसते वॅट विचारू नका. मिक्सर उलटा करून तळाला साधे स्क्रू आहेत का ते पाहा आणि त्या मॉडेलचे कपलर व ब्रश सुटे मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वी जवळच्या दुरुस्तीवाल्याला विचारा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे कंपन्यांच्या दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती देणारे पोर्टल सुरू केले आहे, तेही एकदा पाहावे.

पाणवठा :
वरचे दोन्ही प्रतिसाद पटले, पण एक सावधगिरी सुचवतो. टिकाऊ म्हणून पितळेचा अख्खा संच, दोनतीन बिडाचे तवे आणि दगडी भांडी एकदम आणणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांतले निम्मे माळ्यावर जाते आणि खरेदी मात्र पूर्वीइतकीच होते. घरातले स्टील आधी वापरा, बिडाचा तवा एकच घ्या आणि धुतल्यावर लगेच पुसून त्याला तेलाचा हात लावत जा, म्हणजे तो गंजणार नाही. शिवाय जुने ते सगळेच राखावे, असेही नाही. जुना फ्रिज दिवसरात्र वीज खातो, त्यामुळे नव्याच्या तारांकित लेबलवरची वार्षिक युनिटे पाहूनच तो ठेवायचा की बदलायचा, हे ठरवावे.

माजघर :
सर्वांचे मनापासून आभार. आज पातेले तांबट आळीत देऊन आलो. नावाला धक्का न लावता बूड ठोकून सारखे करतो, असे कारागीर म्हणाले. शनिवारी मिळेल. दुसरा मिक्सर अजून टाकलेला नव्हता, तो उलटा करून पाहिला, तर स्क्रू साधे आहेत आणि कपलरचे दात पूर्ण झिजलेले आहेत. उद्या तो दुरुस्तीला नेतो.