जुना वॉलपेपर उग्र रसायनांशिवाय कसा काढलात? अनुभव सांगा

घरात दम्याचा त्रास असलेलं माणूस आहे, त्यामुळे वॉलपेपर काढायला डोळे चुरचुरणारं काही वापरायचं नाही असं ठरवलंय. एक खोली झाली, दोन राहिल्यात. ज्यांनी हे उद्योग केलेत त्यांनी लिहावं. फसलेलं आधी लिहा, ते जास्त कामाला येतं. कागद कसला होता आणि खाली भिंत कसली होती, एवढं मात्र सांगाच.

माझ्यापासून सुरुवात. साधा कागदी वॉलपेपर, खाली सिमेंटचा गिलावा. पहिल्या दिवशी पत्ती घेऊन कोरडाच खरवडत बसलो. दोन तासांत जेमतेम वहीच्या पानाएवढा तुकडा निघाला आणि भिंतीला चार खड्डे पडले. दुसऱ्या दिवशी फवाऱ्याच्या बाटलीत गरम पाणी भरलं, हातभर रुंद पट्टा वरून खालपर्यंत भिजवला आणि १५ मिनिटं खोलीबाहेर जाऊन बसलो. परत आलो, पुन्हा भिजवला, पुन्हा बसलो. मग पत्ती भिंतीला जवळजवळ आडवी धरली आणि कागद सालीसारखा सुटत गेला. चिकटवायला खळ वापरली होती, ती पाण्याने फुगतेच. ती फुगायच्या आत हात लावायचा नाही, एवढंच मला कळत नव्हतं.

*

आमच्याकडे पाणी मारलं की ओघळून थेट जमिनीवर! तासभर लादीच पुसत होते. मग लक्षात आलं, वरचा थर प्लॅस्टिकचा आहे, त्यातून पाणी आत जाणार कसं? एक कोपरा नखाने उचलून हळूहळू ओढला, तर वरचं कातडं कोरडंच लांबच्या लांब निघालं. मागे पांढरट कागद राहिला, तो मात्र दहा मिनिटांत भिजला. तेव्हा बाटली उचलण्याआधी कोपरा ओढून बघा. काही नवे वॉलपेपर तर अख्खे कोरडेच सुटून येतात, पाण्याची गरजच पडत नाही.

*

व्हिनेगरचं फार ऐकलं होतं म्हणून एकाच भिंतीचे दोन भाग केले. डावीकडे व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, उजवीकडे गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब. दोन्हीकडे सारखाच वेळ लागला. फरक एवढाच की डावीकडे खोलीभर लोणच्याच्या बरणीत बसल्यासारखं वाटत होतं. साबणाचं काम मात्र खरं आहे: त्याने पाणी थेंब होऊन घरंगळत नाही, पसरून कागदात मुरतं. कागदामागे बुरशी दिसली म्हणून कुणी व्हिनेगरसोबत ब्लीच वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि दम्याच्या घरात तर नकोच नको.

*

वाफेचं यंत्र आणून मी शहाणपणा केला. एका भिंतीवर जादू झाली. अर्धा मिनिट यंत्राचा वाफ सोडणारा पाट भिंतीवर दाबून धरायचा की कागद लोंबायला लागायचा. त्या जोरात दुसऱ्या भिंतीकडे वळलो. ती जिप्सम बोर्डची निघाली. बोर्डाच्या तोंडावर स्वतःचाच एक कागद असतो, तो वाफेने भिजून वॉलपेपरबरोबर सोलून आला. खालचा गाभा पिठासारखा भुसभुशीत. पुढचे तीन दिवस लांबी (पुट्टी) भरणं आणि घासणं. आता भिंतीवर आधी बोटाने टकटक करतो, पोकळ आवाज आला तर वाफ बंद. ओलसर फडका फिरवायचा, पाच मिनिटं थांबायचं, थोडंच सोलायचं. पीओपीच्या भिंतीलाही हेच लागू, तेही फार भिजलं की मऊ पडतं.

*

एक शंका. स्विचबोर्डाभोवती पाणी मारताना काय करता?

*

त्या खोलीची वीज मेन स्विचवरूनच बंद. बोर्डावर चिकटपट्टी लावायची आणि त्याच्या आजूबाजूला फवारा न मारता पिळलेला स्पंज धरायचा. हे काम दिवसाउजेडी करा.

*

मागचा कागद सोलून थेट चिकटवतात तो वॉलपेपर होता आमचा. त्याचा गोंद पाण्याला दाद देत नाही. केस वाळवायच्या ड्रायरने कोपरा गरम केला आणि भिंतीलगत, कागद स्वतःवर दुमडल्यासारखा, अगदी हळू ओढला. निघाला. राहिलेल्या चिकट डागांवर मी मोठ्या हुशारीने स्वयंपाकाचं तेल चोळलं. गोंद गेला, तेल भिंतीत मुरलं. रंग दिल्यावर प्रत्येक डाग वर उगवला! काचेवर, लादीवर तेल चालेल. भिंतीवर परत ड्रायरच बरा.

*

कागद निघाला म्हणजे सुटलो असं समजून मी दुसऱ्याच दिवशी भिंतीला रंग दिला. महिन्याभरात पोपडे. भिंतीवर खळीचा पातळ थर राहिला होता, डोळ्यांना दिसत नव्हता. ओलं बोट फिरवून बघायचं, बुळबुळीत लागलं तर खळ आहे. पिठाची खळ असेल तर आयोडीनचा थेंब निळा-काळा पडतो (सेल्युलोजच्या खळीवर पडत नाही, त्यामुळे बोटावर जास्त भरवसा). कोमट पाणी, स्पंज, आणि पाणी गढूळ झालं की लगेच बदलायचं. मी बदलत नव्हतो, म्हणजे तीच खळ परत भिंतीला सारवत होतो. मग भिंत दोन दिवस तरी वाळू द्यायची.

*

फार जुनं घर असेल तर एक सांगते. कोरडा पॉलिश पेपर मारू नका. खालच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या हिरव्या वॉलपेपरच्या रंगात तर आर्सेनिक असायचं. शंका आली तर हात न लावता आधी तपासून घ्या. आमच्याकडे तसं काही नव्हतं, पण एकावर एक चार थर निघाले. सगळे एकदम काढायला गेलो तर पाणी खालपर्यंत पोचेना, म्हणून एकेक थर भिजवून काढला. आठ दिवस लागले. जड कपाटामागचा पट्टा अजून तसाच आहे, आणि कपाट हलवायचा विषय घरात कुणी काढत नाही.