मदत हवी आहे: डोळ्यांचा कोरडेपणा काही केल्या जात नाही

दीड वर्ष झालं, डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं खुपतंय. सकाळी उठल्यावर तर पापणी बुबुळाला चिकटलेली असते, हळूच बोटाने सोडवून उघडावी लागते. गंमत म्हणजे वारा लागला की त्याच कोरड्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतं! डॉक्टर म्हणाले, हेही कोरडेपणाचंच लक्षण.

खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटांची तपासणी झाली. पट्टी डाव्या डोळ्यात ६ मिलिमीटर भिजली, उजव्यात ८. निदान १० तरी हवी म्हणे. शिवाय पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्यात, त्यामुळे आहेत ते अश्रूही लगेच उडून जातात.

आधीचे थेंब दिवसातून सात-आठदा घालायचे, तर त्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हनेच (थेंब खराब होऊ नयेत म्हणून घातलेल्या रसायनाने) आग वाढली. आता बिनप्रिझर्व्हेटिव्हचे चालू आहेत, बरे वाटतात. गरम पाण्याच्या घडीचा शेकही घेते, पण घडी दोन मिनिटांत गार होते आणि शेक तर १० मिनिटं हवा. तुम्ही ऊब कशी टिकवता?

पुढचा उपाय म्हणून डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिनचे (डोळ्यांतला दाह कमी करणाऱ्या औषधाचे) थेंब किंवा अश्रू वाहून जाण्याच्या छिद्रात बारीक बूच बसवणं सुचवलंय. थेंबांचा गुण यायला काही महिने लागतात आणि सुरुवातीला झोंबतात, एवढं कळलं. बूच कोणी बसवलंय का? टोचतं का, निसटतं का?

कृपया मध, गुलाबपाणी सुचवू नका. एकदा करून बसलेय, रात्रभर रडले.