भागीदाराला इमिग्रेशनवर दीड तास बसवलं, जानेवारीत पुन्हा जायचंय

टेरीवाला_अक्कलकोटरोड
एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मी आणि शेखभाई, बावीस वर्षांची भागीदारी. मागच्या जानेवारीत युरोपातल्या एका शेंगेन देशात (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या गटातला) प्रदर्शनाला गेलो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, पुढे विमान. दोघांचा व्हिसा एकाच दिवशी आलेला, हॉटेल एक, निमंत्रणपत्रही एकच. तिथे उतरल्यावर इमिग्रेशनला माझ्या पासपोर्टवर मिनिटात शिक्का बसला. भाईंना आतल्या खोलीत नेलं. दाढी कधीपासून ठेवता, कुठल्या मशिदीत जाता, असलं विचारलं म्हणे. मी काउंटरच्या पलीकडे, आणि दोघांची कागदपत्रं माझ्याच फायलीत! मला मागे जाऊ देईनात.

दीड तासाने बाहेर आले आणि म्हणाले, "चला, सॅम्पलच्या पेट्या बघू." त्यावर आजवर अवाक्षर नाही. यंदा म्हणतात, "तुम्हीच जा, मी इथलं बघतो." अहो, सुताच्या पिळाचं, जीएसएमचं (म्हणजे कापडाच्या वजनाचं) गिऱ्हाइकाला समजावावं तर त्यांनीच. त्यांच्याशिवाय मी जाणार नाही. असं विचारायचा अधिकार असतो का त्या अधिकाऱ्यांना?

जुनीमिलची_लेक
दादा, वाचून वाईट वाटलं. प्रवासाचा उद्देश, मुक्काम, पैसे, परतीचं तिकीट हे विचारणं त्यांचं कामच आहे. व्हिसा असला तरी प्रवेशाची हमी नसते. पण शेंगेन सीमा संहितेच्या, म्हणजे त्या देशांच्या सीमा तपासणीच्या कायद्याच्या, कलम 7 मध्ये धर्म किंवा वंशावरून भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. कलम 8 प्रमाणे सखोल तपासणीसाठी बाजूला घेतलं, तर ती कशासाठी आणि कशी होणार याची लेखी माहिती समजेल त्या भाषेत द्यावी लागते. अधिकाऱ्याचं नाव किंवा सेवा क्रमांकही मागता येतो. प्रवेश नाकारलाच तर कारणासह लेखी आदेश मिळतो, त्यावर अपील आहे.

सातरस्ता_वकील
2001 मध्ये ब्रिटनने प्रागच्या विमानतळावर स्वतःचे इमिग्रेशन अधिकारी बसवले होते. रोमा या युरोपातल्या अल्पसंख्याक समाजाच्या प्रवाशांची चौकशी इतरांपेक्षा लांबलचक आणि जास्त संशयाने व्हायची. 9 डिसेंबर 2004 ला हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) तो वांशिक भेदभाव ठरवला. म्हणून सांगतो, वेळ, खोली, विचारलेले प्रश्न त्याच दिवशी लिहून ठेवा. तक्रार करायची झाली तर तेच कामाला येतं.

शास्त्रीनगरचा_शेख
आडनाव माझंही तेच. मलाही दोनदा आत बसवलंय. खोलीपेक्षा जास्त लागतं ते बाहेर आल्यावर सगळे घड्याळाकडे बघत असतात ते. भाईंची फाईल भाईंच्याच हातात द्या. निमंत्रणपत्र, हॉटेल, विमा, परतीचं तिकीट, सगळं. आणि रांगेत त्यांना पुढे उभं करा, तुम्ही मागे.

टेरीवाला_अक्कलकोटरोड
रांगेचं डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी मीही दोनदा घड्याळ बघितलं होतं भाऊ, खरं सांगतो. आज दोन वेगळ्या फायली केल्या. व्हिसाची अपॉइंटमेंट दोघांची घेतलीय. भाईंना अजून सांगितलेलं नाही. उद्या शुक्रवार आहे, नमाजानंतर ते कारखान्यात आले की बोलतो.