अंगठा चुकायलाय: डॉक वॉटसनचं 'सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड'

शहापूरचा_पखवाजी:
मंडळी, मी उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगला आहे, रात्री गिटार. एकादशीला भजनात पखवाजही धरतो, तेव्हा ठेका कळत नाही म्हणू नका. तरी तीन आठवडे या एका गाण्यावर डोकं आपटायलोय. डॉक वॉटसन हा अमेरिकेतला गोरा गिटारवाला गायक, त्याच्या १९६४ च्या रेकॉर्डवरचं. अंगठा खर्जाच्या दोन तारांवर एकटा असतो तोवर झकास. तर्जनीनं चाल उचलली, आणि तिचा स्वर दोन ठोक्यांच्या मधे पडला, की अंगठा त्याच्या मागं पळतो. दाव्यातनं सुटलेलं वासरू जणू.

दुसरं, आवर्तन मोजलं तर मूळ रेकॉर्डवर चार-चार मात्रांचे नऊ बार येतात. ब्लूजला, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या त्या गाण्याला, बारा नकोत काय?

तिसरं भांडण घरातलं. मूळ गाणं मिसिसिपी शीक्स या काळ्या वादकांच्या बँडचं, १९३० चं. त्यात फिडल, म्हणजे व्हायोलिन, कण्हतं. डॉककडं तेच ओसरीवर बसून म्हटल्यासारखं. धाकटा भाऊ म्हणतो, "गोऱ्यांनी ब्लूज धुऊन इस्त्री केला." पटत नाही, पण उत्तरही सुचंना.

कॅम्पातला_पिकर:
नऊच बरोबर. नऊ चोक छत्तीस मात्रा, पखवाजवाल्याला मी काय सांगू! बारा बारचा साचा जास्त चालतो, पण सगळा ब्लूज त्यात बसत नाही.

अंगठ्याचं बघा. चाल विसरा. ई कॉर्ड धरा, अंगठ्यानं सहावी-चौथी तार, सहावी-चौथी. तळहाताची कड ब्रिजपाशी, तारा खाली जिथं टेकतात तिथं, तारांवर हलकी टेकवा. खर्ज घुमता कामा नये, 'ठुक्' असा दबून यायला पाहिजे. बायकोशी भाजीचा हिशेब बोलत बोलत अंगठा चालला पाहिजे. हे जमल्याशिवाय पुढं जाऊ नका. मग पहिल्या तारेवरचा एकच स्वर, आधी अंगठ्याबरोबर. दोन दिवसांनी तोच स्वर दोन ठोक्यांच्या मधे. एकच हां! सगळी चाल एकदम घातली की वासरू सुटणारच.

डॉक अंगठा आणि तर्जनी, दोनच बोटांनी वाजवायचा. मर्ल ट्रॅव्हिस या कंट्री गिटारवाल्यावर जीव एवढा, की पोराचं नाव मर्ल ठेवलं. प्लास्टिकचा थंबपिक, म्हणजे अंगठ्यात घालायची नखी, सैल होत असेल तर गरम पाण्यात बुडवून अंगठ्याच्या मापाला दाबा. मी दोन वितळवलेत, उकळत्या पाण्यात नको.

निपाणीकर:
भावाला अर्धे मार्क द्या.

इस्त्रीचं म्हणाल तर गोऱ्या बॉब विल्सनं १९३५ मध्येच हे गाणं टेक्सासच्या नाचाच्या बँडवर घेतलं होतं. डॉक फार नंतरचा. आणि ज्या अंगठ्यापायी तुम्ही रडायलाय, तो तरी कुणाचा? केंटकीत आर्नल्ड शुल्ट्झ नावाचा काळा वादक होता. त्याच्याकडनं केनेडी जोन्स शिकला, जोन्सकडनं मोझ रेगर, रेगरकडनं मर्ल ट्रॅव्हिस. जगानं नाव दिलं 'ट्रॅव्हिस पिकिंग'. म्हणजे कंट्रीवाल्यांनी, गोऱ्यांच्या गावाकडच्या गाण्यावाल्यांनी, ब्लूज बाहेरनं उचलून आणला नाही, त्यांच्या हातात तो आधीच होता.

आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व देवासला गेले, माळव्यातली लोकगीतं ऐकली, त्यांतनं राग उभे केले. त्याला इस्त्री कोण म्हणतं? पण एक आहे. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारला, त्याचं एकही रेकॉर्डिंग निघालं नाही. शिष्याच्या शिष्याच्या शिष्याचं नाव झालं. भावाचा राग तिथं खरा आहे.

खानापूरचा_पाऊस:
वाद चालू दे, आधी तारा बदला. आमच्याकडं जुलैत पंधरा दिवसांत गंजतात. गंजलेल्या खर्जावर 'ठुक्' कुठला, नुसतं खर्रर्र.

शहापूरचा_पखवाजी:
तारा बदलल्या. भाजीचा हिशेबही केला, बायको म्हणाली आधी कोथिंबीर आणा. काल लेकीच्या हातात टाळ दिले. तिनं सरळ ठेका धरला, मी अंगठा तिच्या टाळाला बांधला आणि मधला तो एक स्वर काढला. पहिल्यांदाच अंगठा जागचा हलला नाही. पाच-सहा आवर्तनं गेली, मग तीच कंटाळली.

भावाला शुल्ट्झचं सांगितलं. तो म्हणतो, "असेल, पण ऐकव की एकदा." आता कुठनं ऐकवू?