मदत हवी आहे: चर्चसाठी मोठं चित्र, पैसे मागू का?

कुंचला_कोल्हापूर: जरा लवकर सांगा, रविवारी उत्तर द्यायचंय. आमच्या चर्चच्या मंडळीकडून मोठ्या चित्राचं काम आलंय. विषय शमरोनी स्त्री, म्हणजे बायबलात येशू आडावर जिच्याकडे पाणी मागतो ती. स्केचमध्ये येशू आडाच्या कठड्यावर बसलाय, बाई नऊवारीत, मागं उसाचा फड. मंडळीच्या वडिलांपैकी (म्हणजे पुढाऱ्यांपैकी) एक म्हणाले, "हा आपला येशू वाटत नाही, कॅलेंडरातल्यासारखा काढ." दुसरे म्हणाले, "पैशाचं काय काढलंस, ही प्रभूची सेवा." सेवेला माझी ना नाही, पण पोर्ट्रेटांवर घर चालतं. असंच चाललं तर चित्रकार म्हणून पुढं कसा जाणार? मुंबई गाठू का?

शाहूपुरीकर: साईझ? माध्यम? कधी द्यायचंय? काहीच लिहिलं नाहीस भावा.

कुंचला_कोल्हापूर: सहा बाय चार, ऑइल, नाताळाला लावायचंय. जीडी आर्ट (चित्रकलेचा डिप्लोमा) झालंय. पैशाचं सांगा ना.

खडकीवाला: आधी त्या वडिलांना अँजेलो द फोन्सेकांची चित्रं दाखव. मूळचे गोव्याचे, शांतिनिकेतनात शिकले आणि पुढं पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढली. त्यांची मरिया साडी नेसते. त्यांनाही आपल्याच लोकांचा विरोध झाला, पण शैली सोडली नाही. गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये मोठा संग्रह आहे, एकदा जाऊन ये.

निर्गम_२०: मुळात चर्चच्या भिंतीवर चित्र हवंच कशाला? आपल्या मिशनच्या मंडळ्यांत नुसता क्रूस असायचा. बायबलात निर्गमाच्या २० व्या अध्यायातली दुसरी आज्ञा वाचा, मूर्ती करू नका म्हणते.

खडकीवाला: तेच पुस्तक पुढं ३१ व्या अध्यायापर्यंत वाचा. बसालेल कारागिराला देवाच्या आत्म्यानं भरलं ते कशासाठी? कारागिरीसाठीच.

निर्गम_२०: ती निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी. तिथं येशूचा चेहरा काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

करारपत्र: वाद बाजूला ठेवा, त्याला रविवारी जायचंय. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ बघ. कुणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा. म्हणजे उद्या मंडळीनं त्याची कॅलेंडरं छापली तरी तुला बोलता येणार नाही. म्हणून पैसे घेणार असलास तर कागदावर लिही: चित्र मंडळीचं, कॉपीराइट माझा. फुकट दिलंस तर हक्क तुझाच राहतो, पण तेही लिहून ठेव.

रंगपेटी: पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागं बुरशी येते. फ्रेमला मागून कॉर्कचे तुकडे लावा.

शाहूपुरीकर: मुंबई कशाला? बॉम्बे आर्ट सोसायटीला, राज्य कला प्रदर्शनाला इथूनच चित्रं पाठव. चित्रकार अबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परत आलेच की, कोल्हापुरातच राहून काम केलं.

जहांगीर_वारी: त्यांच्या पाठीशी शाहू महाराज होते. याच्या पाठीशी कोण? विकत घेणारे मुंबईत आहेत.

शाहूपुरीकर: तिथलं भाडं भरायला परत पोर्ट्रेटंच करायची. मग हे चित्र कधी काढणार?

घाटावरचा: स्केच मोठं करून बघितलं. येशूचा उजवा हात लाकडी झालाय. फोटोवरून काम करणाऱ्यांचा चेहरा बसतो, पण हात राहतो. घरातल्या कुणाला, तुझ्या बाबांना नाहीतर भावाला, कठड्यावर बसव, तळवा दगडावर टेकू दे, अंगाचा भार मनगटावर येऊ दे. मग बघ, बोटं पसरतात, अंगठ्याखालचं मांस फुगतं. खिडकीच्या उजेडात आठवडाभर फक्त हेच काढ. कॅलेंडरसारखा काढायचा की नाही हे त्यानंतर बोल. त्या चेहऱ्यापेक्षा दमून बसलेलं शरीर मंडळीला आधी पटेल. बायबलात योहानाच्या ४ थ्या अध्यायात येशू प्रवासानं थकलेला आहे, ते तुझ्या स्केचमध्ये दिसत नाही.

आणि नाताळापर्यंत जाड ऑइल वाळणार नाही. खालचा थर ॲक्रेलिकचा दे, वर ऑइल पातळ. उलटं करू नकोस, सुटून येतं. व्हार्निश पुढच्या वर्षी.

कुंचला_कोल्हापूर: हाताचं पटलं, आजच भावाला बसवतो. रविवारी कोटेशन नेतो: सामानाचा खर्च मंडळीनं आधी द्यायचा, मजुरी माझ्याकडून अर्पण, कॉपीराइट माझा. येशू मात्र कॅलेंडरातला काढणार नाही.

करारपत्र: तिघांच्या तरी सह्या घे.

रंगपेटी: कॉर्क लावणार ना?